दिवसातून तीन वेळा

—नाही नाही, हात नका लावू ताई, झोपलीय ती. त्याच खुर्चीत झोपलीय. हो, तीच खुर्ची, तुमच्या सेंटरची, मागे रंगाने नंबर घातलाय बघा—पण पोर उठल्याशिवाय खुर्ची कशी देऊ? बसा. दहा मिनिटांचा प्रश्न. ती पावती ठेवा तिथे टेबलावर, करतो सही, पळून जातोय का मी? पळायचं म्हटलं तरी—असो. पाणी? नको? बरं. तुम्ही नवीन दिसता. खुर्ची द्यायला ती चष्मेवाली फिजिओ बाई आली होती. आता तिने कशाला यावं म्हणा, पोरीचं नाव कमी केल्यावर? सामान न्यायला कोणीही चालतं. राग मानू नका, माझी जीभच तशी आहे. सूनबाई म्हणते, बाबा, तुमच्या जिभेला ब्रेक नाही. आणि मी तीस वर्षं बस डेपोत ब्रेकच तपासले! हेड मेकॅनिक होतो. माझ्या सहीशिवाय एक गाडी फाटकाबाहेर जात नसे. साहेब येऊन उभे राहायचे, अहो सोडा, उशीर होतोय—मी म्हणायचो, आधी ब्रेक बघेन, मग टिक करीन. तीस वर्षांत एक खोटी टिक नाही. विचारा कुणालाही.

नात माझी. गेल्या महिन्यात तीन वर्षांची झाली. डाउन सिंड्रोम—तुमच्या कागदात असेलच. आम्ही गुंडी म्हणतो. जन्मली तेव्हा नाक एवढंसं, शर्टाच्या गुंडीएवढं. मुलगा रडला, सूनबाई रडली नाही. ती डॉक्टरला म्हणाली, रडायचं ते नंतर बघू, आधी काय करायचं ते सांगा. अशी बाई आहे ती. डॉक्टर म्हणाला, पहिली तीन वर्षं सोडू नका. हिचे स्नायू सैल आहेत, उशीर होईल, पण आत्तापासून मेहनत घेतली तर चालेल, बोलेल, शाळेत जाईल. मग तुमचं सेंटर. ही खुर्ची दिलीत, तो मोठा चेंडू दिलात, व्यायाम शिकवलेत, आणि एक वही. दिवसातून तीन वेळा, वीस-वीस मिनिटं, केलं की टिक. सूनबाई नोकरी सोडायला निघाली होती. मुलगा परगावी, रविवारी येणार. मी म्हटलं, नोकरी कशाला सोडतेस, मी काय मेलोय? इंजिनं उघडली मी, पोरीचे पाय हलवायला काय लागतं? फॉर्मवर विचारलं होतं, घरी व्यायाम कोण घेणार. लिहिलं, आजोबा. प्रकृती? लिहिलं, उत्तम. तुमच्या बाईनेही वाचलं आणि पुढचं पान उलटलं. ऊठबस करून दाखवा असं नाही म्हणाली कोणी.

कारण ते सगळं जमिनीवर असतं ना! सगळं. पालथी घाला, चेंडूवर झुलवा, गुडघ्यावर बसा आणि तिला खांद्याला धरून उभी करा. केलं की. दीड वर्षापूर्वी अकरा दिवस केलं मी, खोटं नाही सांगत. आणि नवव्या दिवशी ती उभी राहिली, ताई. माझी कॉलर धरून. मोजून चार सेकंद, आणि मग माझ्या छातीवर ढुम्मकन बसली आणि हसली. मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं रविवारी मुलगा येईल, दोघांसमोर एकदम करून दाखवू, जरा रुबाब! आणि अकराव्या दिवशी खाली बसलो तो उठताच येईना. गुडघे असे धरले—हसताय? नाही? हसा, हसण्यासारखंच आहे. दोन तास. घरात आम्ही दोघंच. पोर बिचारी आधी हसली, तिला वाटलं खेळ आहे, मग भूक लागली तशी रडायला लागली, आणि मी हात लांब करतोय तर तिच्यापर्यंत पोचत नाहीये. शेवटी फरफटत पलंगापाशी गेलो, चादर धरली, ती चादरच खाली आली—कसा उठलो माझं मला माहीत. सूनबाई आली तेव्हा खुर्चीत बसून पेपर वाचत होतो. तिने विचारलं, झाले का व्यायाम? म्हटलं, झाले.

सांगायला काय हरकत होती, म्हणता? तुम्ही तरुण आहात. सांगितलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली असती. आणि मी मग या घरात काय? दोन पोरं सांभाळायची तिने, एक दीड वर्षांचं आणि एक सत्तर वर्षांचं? म्हटलं, चार दिवस थांबू, तेल चोळू, गुडघे सुटतील. तोवर वहीत टिक केली. उद्या दुप्पट करून घेऊ. उद्या, परवा—मग मी इथून, या खुर्चीतून सांगायला लागलो, गुंडी, पाय हलव, गुंडी, मान वर. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. ती बघत राहायची माझ्याकडे. मग दुपारी डोळा लागायचा. संध्याकाळी तीन टिका. निळ्या पेनाने. एकदा तर पंधरा दिवसांच्या एकाच बैठकीत केल्या.

आता गंमत बघा. म्हणजे गंमत कसली—तुमची फिजिओ बाई सेंटरवर दर पंधरा दिवसांनी वही बघायची, म्हणायची, वा आजोबा, इतकं नियमित कोणी करत नाही! आणि मग पोरीचे पाय पुन्हापुन्हा हलवून बघायची. इतकं करूनही काहीच कसं नाही? तिथे नेलं की ही भोकाड पसरायची, उभी राहणं दूरच. मग तपासण्या. थायरॉइडसाठी सुया टोचल्या, शीर सापडेना म्हणून चार वेळा. मानेचा एक्स-रे. मग भूल देऊन डोक्याचा फोटो. बाहेर बाकावर मी बसलो होतो तेव्हा, वही मांडीवर. सगळं नॉर्मल आलं, आणि तेच वाईट झालं. रोज तीनदा व्यायाम, तपासण्या ठीक, तरी पोर हलत नाही—म्हणजे हिच्यातच कुवत नाही. तुमच्या मिटिंगमध्ये ठरलं, हिची जागा दुसऱ्या बाळाला द्यावी, त्याला उपयोग होईल. बरोबरच आहे. मीही तसंच केलं असतं. जी गाडी दुरुस्तच होत नाही ती आम्हीसुद्धा शेडमध्ये लावायचो.

पण सूनबाई आधी रात्री स्वतः करायची थोडंथोडं, अक्षरं दाखवायची, आरशासमोर जीभ आत घ्यायला शिकवायची. ते सोडलं तिने. परवा माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही करता येईल ते सगळं केलंत, आता नशिबाशी कुठवर भांडायचं? माझ्या पायाला हात लावला तिने. आणि मी—मी आशीर्वाद दिला. सोमवारी निवासी संस्थेची माणसं येतायत. पोरीला बघायला. पसंत पडली तर घेऊन जातील, तिकडे अशी शंभर मुलं आहेत म्हणे, वेळेवर जेवण देतात.

काय बघताय? तिच्या मांडीवरचा तो लाल वळ? बेल्टचा आहे. या खुर्चीत अर्धाच तास बसवायचं असतं, माहितेय मला. सकाळी नऊला बसवते सूनबाई, मधे कपडे बदलायला पलंगावर घेतो तेवढीच, आणि मग—ती संध्याकाळी येईपर्यंत. लाकडी पेटीवर खुर्ची ठेवलीय ती मला वाकायला नको म्हणून. सूनबाईला सांगितलं, खिडकीतून रस्ता दिसतो पोरीला. असं नका बघू हो! मारतो का मी तिला? जीव आहे माझा तिच्यावर. जीव आहे म्हणून तर—तुम्ही सांगाल का? माझं नाव घेऊन सांगा, फिजिओ बाईला, सूनबाईला, सगळ्यांना. वही न्या हवी तर. मला नाही जमत, रोज सकाळी ठरवतो आणि तिचा चेहरा बघून गिळतो. मीच सांगावं? आज? आज ती चारला येईल, तुमच्यासाठीच लवकर निघणार होती. तुम्ही थांबता? तुम्ही असलात तर सांगेन. शप्पथ. तुमच्यासमोर सांगेन.

उठली बघा. उठलीस गं माझी बाय? ताईंना बघ. सोडा बेल्ट, ते बटण दाबा, हां. घ्या, मांडीवर नाही राहायची ती, खाली ठेवा, इथे माझ्या खुर्चीजवळ. रडत नाहीये! परक्यांना बघून रडते एरवी. अगं, काय करतेस? पँट सोड—ताई. ताई, बघा. माझा गुडघा धरून—धरू नका तिला, हात काढा. उभी आहे. पाय बघा तिचे, थरथरतायत, पण टेकलेत. एक, दोन, तीन, चार, पाच—

जिना वाजला. सूनबाईचीच चप्पल. बसवा. ताई, खाली बसवा तिला, पटकन, मला वाकता येत नाही! आत्ताच्या आत्ता बसवा! विचारेल ती, कशी उभी राहिली, कधीपासून—बसवा म्हणतो ना! वही इकडे द्या. द्या ती. खुर्ची उचला, ही केली सही, ही घ्या पावती.

ये गं सूनबाई. या ताई निघाल्याच होत्या. काही नाही, खुर्ची इतकी जपून वापरली म्हणून कौतुक करत होत्या माझं. या ताई. जाताना दार ओढून घ्या.