दोनदा जोडलेला प्लांट

वहिनी, आणि या हॉलमध्ये जमलेली सगळी मंडळी, नमस्कार. मी दत्ता. कसबा पेठेत माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. अरविंद सर जाऊन आठ दिवस झाले. भाषण करायची मला सवय नाही. पण आज गप्प बसलो तर रागानं फुटेन, म्हणून उभा राहिलोय.

सरकारी प्रयोगशाळेतला, उसाच्या पाचटापासून डिझेल करायचा सरांचा प्लांट. तो मी जोडला. पुढं बाहेरचं तेल स्वस्त झालं. खर्च तपासायला सरकारी समिती आली, चहा प्याली, बिस्किटं खाल्ली आणि म्हणाली, "सर, तुमचं डिझेल महाग पडतं." प्लांट कापायचा हुकूम निघाला. कापला कोणी? मीच कापला. हो, मजुरी घेऊन. सर शेजारी उभे होते. म्हणाले, "दत्ता, सांधे जपून काप. परत जोडायचेत."

आणि तसंच झालं! आखातात लढाई पेटली, जहाजं अडकली, भाव भडकला. त्याच समितीचा फोन. "सर, प्लांट कधी सुरू करताय?" तहान लागली की विहीर खणायची, आणि तहान भागली की बुजवायची! मी परत जोडला.

एकदा मीच विचारलं, "सर, खरंच महाग आहे का हो?" म्हणाले, "आहेच. पण रोज आग लागत नाही म्हणून आगीचा बंब कोणी भंगारात घालतं का? समुद्राची वाट बंद झाली, तर लष्कराच्या गाड्या कशावर चालवणार? अँब्युलन्स कशावर?" आहे कोणाकडे उत्तर? पहिल्या रांगेत समितीची मंडळी बसलीत. हार मोठा आणलात, साहेब. छान आहे.

आता भाव पुन्हा उतरलाय. परवा मला समितीचं पत्र आलं. सरांचे दिवस व्हायच्या आत! प्लांट कापायचाय, दर कळवा. अहो, लोखंड मी पुन्हा जोडीन. पण कुठला वायू किती सोडायचा, भट्टी बिघडणार हे आवाजावरून कसं ओळखायचं, ते सरांच्या डोक्यात होतं. त्यांच्या हाताखालच्या दोन पोरी ते शिकतायत. अजून अर्ध्यावर आहेत. प्लांट गेला तर त्या शिकणार कशावर? तुमच्या फायलीवर?

मी कापणार नाही. त्या पोरी तयार होईपर्यंत रोज सकाळी प्लांटच्या शेडच्या दारात खुर्ची टाकून बसणार आहे. साहेब, दुसरा वेल्डर पाठवलात तर तो आधी मला भेटेल.

आता उभं राहूया. सरांसाठी दोन मिनिटं. साहेब, तुम्हीसुद्धा उठा.