नको म्हटलं तर

कर्वेनगरच्या बसची वाट बघत माझ्या पुढे दोघी उभ्या होत्या.

"मंदाकिनीताई, पुष्कर आला का हो इंग्लंडहून?"

"आला. तीन आठवड्यांत चार किलो उतरून."

"त्या समर स्कूलमध्ये जेवण नव्हतं?"

"भरपूर होतं. वाढणारी बाई विचारायची, आणखी हवं का? हा म्हणायचा, नो थँक यू."

"मग?"

"मग ती पुढे जायची!"

"दुसऱ्यांदा विचारलंच नाही?"

"छे! आग्रह म्हणून नाही. शेजारचा इटलीचा मुलगा पहिल्याच फटक्यात येस म्हणायचा आणि याच्यादेखत दोनदा खायचा."

"आपल्याकडे कसं, तीनदा नको म्हटल्याशिवाय ताट पुढे करत नाहीत."

"तेच शिकवलं होतं ना मी! हावरटासारखं लगेच हो म्हणायचं नाही."

"आता सुधारला असेल."

"सुधारला? काल जाऊबाईंनी शिरा विचारला. हा म्हणाला, हो, दोन वाट्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"जाऊ द्या. लाडू घ्या, घरचे आहेत."

"छे छे, नको."

"बरं."

डब्याचं झाकण लागलं.

"...कसले आहेत म्हणालात?"