आटलेला झरा

मत्रूहच्या थांब्यावर मबरूका सिवा या वाळवंटातल्या झऱ्यांच्या गावी जाणाऱ्या बसची वाट पाहत होती. शेजारी एक बाप आणि कॉलेजात पर्यटन शिकणारी त्याची लेक बसली होती. मबरूकाची नजर रस्त्यावर होती, कान मात्र त्यांच्याकडे.

"परीक्षा कशी झाली गं?"

"परीक्षा नव्हती, बाबा. कॉम्प्युटरवरचा खेळ होता. सिव्यासारखंच एक गाव वीस वर्षं चालवायचं."

"मग, जिंकलीस?"

"सगळ्यात जास्त पाहुणे माझ्याच गावात आले."

"लेक कुणाची!"

"नवव्या वर्षी झरा आटला. खजुरी वाळल्या. गावकरीच गाव सोडून गेले."

"खेळच तो. पुन्हा मांडायचा."

"मांडला. तीनदा आटला."

"चुकत काय होतं?"

"मी आपलंच हॉटेल बांधत होते, बाबा. पोहायच्या हौदासकट. तुम्ही आखलंय तसंच."

बाप तिच्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "चौथ्यांदा?"

"हौद काढला, खोल्या कमी केल्या. झरा टिकला, हॉटेलही चाललं."

त्यानं खिशातून फोन काढून कंत्राटदाराला लावला.

"इद्रीस, हौदासाठी विहीर खणायला उद्या यंत्र आणू नकोस. वेड नाही लागलं रे! माझ्या लेकीनं तीनदा गाव बुडवून पाहिलंय. मला ती सोय नाही."