डब्यातली आणि पोत्यातली

— नाही, त्या स्टुलावर नको, लालासाहेब, त्याचा एक पाय लंगडा आहे. बाकावर बसा. पालीच्या खंडोबाला जाऊन आलात वाटतं, कपाळ भंडाऱ्यानं भरलंय. सर? सर चहाला गेलेत. काही अवघड बोलायची वेळ आली की आमच्या सरांना चहाची तलफ येते, आणि बोलायला उरते मी. त्यांनी सांगितलं असेलच — एम.एस्सी.ची पोरगी आहे, जरा तोंडाळ आहे, पण सही करेल. त्यासाठीच आलात ना? ठेवा कागद टेबलावर. वाचलाय मी. ‘बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांच्या हलगर्जीपणामुळे चुकीचा निष्कर्ष निघाला.’ सरांचंच मराठी, शिव्यासुद्धा ते छापील देतात.

आता तुमचा प्रश्न काय होता? — थांबा, मीच सांगते. ‘आमची हळद वर्षभर फिकी पडत नाही, का पडत नाही ते तुमच्या सायन्सनं सांगावं.’ तुमचेच शब्द. उत्तर मिळालं की पिशवीवर छापायचं होतं तुम्हाला. सरांनी मान डोलावली, माझ्या गळ्यात तीन पोरं बांधली — जोतीराम आणि दोघी मुली — आणि तुम्ही लाखेचं सील लावलेला डबा पाठवलात. पोरांनी तो नवरीच्या दागिन्यांसारखा जपला हो. काचेवर पसरून हळद गच्चीवर उन्हात ठेवली, तर आठवड्यात फिकी. पुन्हा ठेवली, पुन्हा फिकी. कुणाच्याही शेतातल्या चांगल्या हळदीचा रंग उडतो तसा उडाला. दोघींतली चंद्रा रडकुंडीला आली — ताई, सगळी सांगली म्हणते शेठची हळद टिकते, आपलंच काहीतरी चुकतंय. मी म्हटलं, गप बस, ऊन काय शेठच्या दुकानात कामाला आहे?

मग आली खंडेनवमी. हसू नका — पंच्याहत्तर साल आहे, आम्ही सायन्सची माणसं आहोत, आणि तराजूला झेंडूची माळ घालतो, ओव्हनपुढं नारळ फोडतो. सरांनी पाहुणे म्हणून तुम्हालाच बोलावलं. ताटात हळद नव्हती, तुम्हाला घाई होती, तुम्ही दुकानातल्या उघड्या पोत्यातली पुडी मागवलीत आणि स्वतःच्या हातानं एकेका भांड्याला बोट लावलंत. एका बीकरमध्ये चिमूटभर आतच पडली. पुजलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही म्हणून आमच्या झाडलोटीच्या भामाबाईंनी लॅबला कुलूपच घातलं. सुट्टी संपली, जोतीरामनं तो बीकर धुवायला घेतला, आत अ‍ॅसिड ओतलं — आणि आत झाला गुलाबी रंग, शालूसारखा! केवढी ओरडले मी त्याच्यावर. धुण्याआधी पुसायचा तरी, गाढवा! तर तो शांतपणे म्हणतो, ‘ताई, लय पानी वतून बगितलं, रंग जाईना.’ मी बीकर हिसकावून उजेडाला धरला. कारण खऱ्या हळदीला अ‍ॅसिडनं गुलाबी छटा येते, पण पाणी घातलं की जाते. हा गेला नाही. कापडाला लावायचा पिवळा रंग असला की जात नाही. म्हणजे तुमची हळद फिकी का पडत नाही ते सापडलं, लालासाहेब. छापा की पिशवीवर.

काय? बीकर घाण होता? हो, हेच मलाही वाटलं. म्हणून गणपती पेठेतून, मार्केट यार्डातून, पार तासगावातून तुमच्या पुड्या आणवल्या. कोऱ्या नळ्या, ताजं अ‍ॅसिड. एकूण एक गुलाबी. — खालच्या माणसांनी केलं? असेल. मग डब्यात चांगली कुणी भरली? खालच्यांनीच? फारच हुशार आहेत तुमची खालची माणसं. मला गंमत कशाची वाटते, सांगू? सायन्सला डब्यातली, देवाला पोत्यातली! आमची पोरं तपासतील याची भीती वाटली तुम्हाला, देवाची नाही वाटली.

वडिलांच्या वयाचे आहात, ठाऊक आहे. वय कशाला मध्ये आणता? वय त्या स्टुलाचंही झालंय. तुम्ही म्हणताय, सही केली तर माझा प्रबंध सुटेल, सरांशी बोलणं झालंय. आणि जोतीराम? या कागदावर माझी सही झाली की त्याचं वर्ष गेलं. घरी काय सांगेल तो — देवाचा बीकर धुतला म्हणून नापास झालो? खरं सांगायचं तर — सांगू नये, पण सांगते — सकाळी पेनाचं टोपण काढलं होतं मी. दोन वर्षं घातलीत हो या लॅबमध्ये, मलाही सुटायचंय. मग उगाच, अगदी उगाच, आईच्या डब्यातली हळद आणली होती ती नळीत टाकली. सरांना हे माहीत नाही. धाकट्याला खोकला झाला की आई दुधात घालून देते — तुमच्याच दुकानातली, दुसरी आमच्या घरात चालत नाही, वडिलांचा विश्वास! ती नळी — जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतेय मी हे.

घ्या तुमचा कागद. सही नाही. अहवाल पोरांनी लिहिलाय तसाच जाईल, खाली जोतीरामचं नाव पहिलं. माझा प्रबंध अडकवा खुशाल.

अहो, रुमाल कशाला काढलात? कपाळाला मी काही म्हटलं का? देवाचा भंडारा आहे, राहू दे की. कुठल्या पोत्यातला, असं मी विचारलं तरी का? — पुसलात? सगळा? बरं. या आता. उंबऱ्याला जपून.

— जोतीराम! अरे आत ये, गेले ते. बाकावर रुमाल विसरलेत बघ. चिमट्यानं उचल. आणि अ‍ॅसिडची बाटली आण.