म्हात्रेकाकांची रजा

परवा पनवेलला घरी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात म्हात्रेकाका गेल्याचा फोन आला. आणि मला काय आठवावं, तर त्यांची रजा!

कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी नवी मॅनेजर, ते माझे वयस्कर क्लार्क. एक ट्रकमालक आला, तो थेट त्यांच्यापुढे बसला.

“साहेब, माझी गाडी कधी सुटणार?”

“मॅनेजर त्या मॅडम हायत.”

“बाईमाणसाला काय विचारायचं? तुम्हीच सांगा की.”

काका उठले आणि माझ्या टेबलासमोर उभे राहिले. “मग थांबा. आधी माजा नंबर. मला रजा पायजे.”

ट्रकमालक मुकाट्याने त्यांच्यामागे उभा राहिला.

तो गेल्यावर मी विचारलं, “कधीची रजा, काका?”

“कसली रजा, मॅडम? त्याला टेबल दाखवायचं होतं.”

निवृत्त होताना म्हणाले, “आता आमच्या गावाला, मोऱ्याला या, जेवायला.” मी “येते” म्हणाले. जायचं राहूनच गेलं.