कोहारुची जागा

जपानातल्या नारा शहरात, मोठ्या देवळापुढे मी बसची वाट पाहत होते. धुकं अजून उठलं नव्हतं, आवारात देवळाची हरणं मोकळी फिरत होती. पायऱ्यांवर सहलीला आलेल्या एका शाळेचा वर्ग उभा होता आणि फोटोवाला रांगा लावत होता.

“मधे जागा का सोडलीत मुलींनो? सरका जवळ.”

“नाही काका, ही कोहारुची जागा आहे.”

“मग बोलवा की तिला.”

“ती दवाखान्यात आहे.”

“अगं, मग तिचा फोटो वर कोपऱ्यात गोलात लावतो. न आलेल्यांचा तसाच लावतात.”

“तेच नको. मागच्या वर्षी लावला, तर म्हणाली, गोलात मी मेल्यासारखी दिसते.”

“मिओरी, काय बोलतेस!”

“सर, ती स्वतःच म्हणाली. यंदा तुला रांगेत उभी करू, असं वचन दिलंय आम्ही.”

“बाळांनो, रिकाम्या जागेचा फोटो काढला तर शाळा मलाच बोलेल.”

“रिकामी कुठाय? मी तिचा हात धरलाय.”

“मीपण. या बाजूचा. केवढा गार आहे गं!”

“तिचे गारच असतात, सुझुका.”

“सर, तुम्हीच सांगा आता यांना.”

“काढा तुम्ही. पण पटकन, हरणं यायला लागलीत.”

“आलंच एक! ए, शूक शूक! बरोबर तिच्याच जागेत घुसलंय.”

“राहू दे गं. माझी बाही चघळतंय बघ.”

“कोहारुपण चघळते. गणिताच्या तासाला.”

“हसू नका, फोटो हलेल. तयार?”

“थांबा काका! कोहारु, समोर बघ.”