तीन पंख्यांचं कार्ड

डोंगरीच्या बसच्या रांगेत इंदुबाई पदराने वारा घेत उभ्या होत्या. पुढच्या नवरा-बायकोचं भांडण आयतंच कानावर येत होतं.

"हेमांगी, अमेरिकेने टॅरिफ लावलं तर ग्राफिक्स कार्ड महागणार. आत्ताच घेऊन टाकतो."

"विपुल, आहे ते चालतंय ना?"

"चालतंय गं, पण गेम लावला की तापतं. नव्याला तीन पंखे आहेत."

"आणि आईंच्या खोलीतला एकुलता एक पंखा गणपतीपासून बंद पडलाय."

"पंखा काय, कधीही घेऊ. त्याच्यावर कुठे टॅरिफ लागतंय?"

"हे त्यांना जाऊन सांग."

"सांगितलं. म्हणाली, तुझं मशीन तापतंय तर आधी त्याचं बघ, मी खिडकी उघडून झोपेन. बघ, तिला कळतं. तुलाच कळत नाही."